रेडिओथेरपी विभागात नवीन आहात? क्यूएची सुरुवात इथून करा

नागपुरातल्या कुठल्याही कॅन्सर रुग्णालयाच्या वेटिंग हॉलमध्ये तासभर बसा, ‘रेडिओथेरपी’ हा शब्द क्वचितच कानावर पडेल. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं ‘शेक’ म्हणतात, छिंदवाडा-बालाघाटकडून आलेली ‘सिकाई’. शेक जास्त बसला तर कातडी बोलते. कमी बसला तर कोणीच काही बोलत नाही. दीड-दोन वर्षांनी गाठ परत येते आणि सगळे म्हणतात, आजारच तसा होता. त्यामुळे कुणाची तक्रार आल्यावर बघू, ही सोय आपल्या कामात नाही. आधीच मोजून ठेवावं लागतं. त्यालाच क्यूए, म्हणजे क्वालिटी अश्युरन्स, म्हणतात.

हा लेख मेडिकल फिजिसिस्ट म्हणून नुकतेच रुजू झालेल्यांसाठी आहे. टेक्नॉलॉजिस्टनाही यातला निम्मा भाग लागू पडेल. प्रोटोकॉल तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेच आहेत. ते रोजच्या धावपळीत कुठे निसटतात तेवढं मी सांगते.

त्याआधी एक नियम, जो पुढे वारंवार येईल: दुसरा आकडा दुसऱ्या वाटेने आला पाहिजे. तोच आकडा दोनदा वाचणं, त्याच चेंबरने तीनदा मोजणं, त्याच कॉम्प्युटरचा निकाल दुसऱ्या स्क्रीनवर बघणं, यातलं काहीही तपासणीत धरू नका.

पहिला आठवडा: मशीनआधी कपाट

रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी बीम ऑन करायची घाई असते. ती आवरा आणि कपाट उघडा. मशीन बसवलं तेव्हाचा कमिशनिंग रिपोर्ट, मागचा वार्षिक क्यूए, आणि आयन चेंबरचं (डोस मोजायच्या साधनाचं) कॅलिब्रेशन प्रमाणपत्र शोधून काढा. प्रमाणपत्रावर चेंबरचा क्रमांक असतो. तो डब्यावरच्या चिठ्ठीशी जुळवून थांबू नका, चेंबरच्या दांड्यावर कोरलेल्या क्रमांकाशी जुळवा. ०.६ सीसीचे दोन फार्मर चेंबर असलेल्या विभागात डबे अदलाबदल व्हायला एक कंटाळवाणी दुपार पुरते. इलेक्ट्रोमीटर (चेंबरचा चार्ज वाचणारा मीटर) कोणता, पोलॅरिटी आणि व्होल्टेज किती, प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, हे सगळं स्वतःच्या वहीत उतरवा. चेंबर कॅलिब्रेशनला गेला की काही दिवस हाताशी नसतो, त्यामुळे मुदत संपायची वाट बघण्यात अर्थ नाही.

मग मशीनच्या खोलीत जा, पण नुसतं बघायला. इमर्जन्सी स्टॉपची बटणं कुठे कुठे आहेत ते मोजा. दाराचा इंटरलॉक, दारावरचा लाल दिवा, आतला कॅमेरा, इंटरकॉम, एरिया मॉनिटर हे कोण आणि कधी तपासतं ते विचारा. एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आणि आरएसओचं (रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याचं) नाव कुठे लावलं आहे ते बघून ठेवा. भारतात एईआरबीच्या परवान्याशिवाय हे मशीन चालवता येत नाही आणि आरएसओशिवाय परवाना मिळत नाही.

टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते नोंदवणारा) छातीवर लावायचा आणि घरी जाताना विभागातल्या फळीवर ठेवायचा. मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर आतल्या चकत्यांवरची नोंद भरवशाची उरत नाही, कारण त्या चकत्या वाचतात त्याच मुळी तापवून. कामावरच्या माणसाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० आहे. नीट चाललेल्या विभागात आकडा याच्या जवळपासही जात नाही. गेलाच, तर आधी बॅज कुठे पडला होता ते विचारा.

रोजची सकाळ

पहिला पेशंट टेबलवर यायच्या आधी वॉर्म-अप आणि डेली क्यूए झालेलाच हवा. तो बहुतेक ठिकाणी टेक्नॉलॉजिस्ट करतात आणि फिजिसिस्ट सही करतो. सही करताना निदान आकडे तरी वाचा.

काय बघायचं ते अमेरिकेच्या एएपीएम या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या टीजी-१४२ अहवालात आहे आणि भारतातले बहुतेक विभाग तोच वापरतात. रोजचं आउटपुट (मशीनमधून निघणारा डोस) ठरलेल्या मूल्याच्या ३ टक्क्यांच्या आत. आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागोजागी बदलून दिलेला शेक) होत असेल तर लेझर दीड मिलिमीटरच्या आत, स्टिरिओटॅक्टिक (छोट्या जागेवर फार अचूक नेम धरून दिलेला शेक) असेल तर एक. अंतर दाखवणारा ओडीआय दोन मिलिमीटरच्या आत. दार उघडलं की बीम बंद पडलाच पाहिजे, इथे टक्केवारी नाही.

आकडा ३ टक्क्यांच्या बाहेर गेला तर त्याच उपकरणाने पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. डेली क्यूएचं उपकरण बाजूला ठेवा, चेंबर आणि स्लॅब फँटम (शरीराच्या जागी ठेवायचा ठोकळा) लावा. दोन्ही एकच सांगत असतील तर मशीन हललं आहे. वेगळं सांगत असतील तर उपकरण. दरम्यान पेशंट बाहेर बसतील, नातेवाईक कुरकुर करतील, रिसेप्शनवरून दोन फोन येतील. येऊ द्या.

आकडा ‘पास’ असतानाही एक गोष्ट बघायची राहते. सोमवारी ०.६, बुधवारी ०.९, पुढच्या सोमवारी १.५, मग १.९. यातला एकही फेल नाही, पण ओळ एकाच दिशेला चालली आहे. महिन्याचा आलेख काढून कन्सोलशेजारी चिकटवा. मला आलेखाने जेवढं सांगितलं तेवढं लाल-हिरव्या खुणांनी कधी सांगितलं नाही.

लेझरबद्दल थोडं. लेझर भिंतीला असतात, आणि भिंतीला रंगारी, एसीवाला, स्ट्रेचर असे सगळेच लागतात. खोलीत कुठलंही बाहेरचं काम झालं की दुसऱ्या दिवशीची वाट न बघता लेझर तपासा.

महिन्याचं आउटपुट आणि नागपूरची हवा

इथे जरा थांबते, कारण या जागी मी स्वतः घसरले होते आणि दरवर्षी कुणी ना कुणी घसरतं.

पाण्यात दहा सेंटिमीटर खोलीवर, १० बाय १० फील्डमध्ये फार्मर चेंबर ठेवून आपण चार्ज मोजतो आणि आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या) टीआरएस-३९८ प्रोटोकॉलप्रमाणे डोस काढतो. चेंबरच्या पोकळीतली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. हवा गरम झाली किंवा दाब कमी झाला की पोकळीत रेणू कमी, म्हणून चार्जही कमी. तो भरून काढायला तापमान-दाबाचा गुणक लावतात. संदर्भ आहे २० अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कल. १०१.३२५ हा समुद्रसपाटीचा आकडा आहे.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे. इथला खरा दाब सर्वसाधारणपणे ९७-९८ किलोपास्कलच्या घरात असतो, उन्हाळ्यात आणखी थोडा खाली. आता समजा विभागातला बॅरोमीटर बंद आहे. तुम्ही मोबाईल काढता, हवामानाचं अ‍ॅप उघडता, तिथे १००५ हेक्टोपास्कल लिहिलेलं असतं. तुम्ही १००.५ किलोपास्कल धरता आणि पुढे जाता.

पण अ‍ॅपवरचा दाब समुद्रसपाटीला ‘उतरवलेला’ असतो. ठिकठिकाणच्या दाबांची तुलना करता यावी म्हणून हवामानवाले उंचीचा फरक मिळवून तो छापतात. तुमच्या चेंबरला त्याचं काही देणंघेणं नाही, त्याला खोलीतली हवा कळते.

हिशोब करून बघा. तापमान २४ अंश, खरा दाब ९७.२ किलोपास्कल असेल तर गुणक येतो १.०५७. अ‍ॅपचा १००.५ घातला तर १.०२२. मशीन अगदी बरोबर असलं तरी तुमच्या कागदावर आउटपुट ३.३ टक्के कमी दिसेल. महिन्याची मर्यादा २ टक्के. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे, नियमाप्रमाणे, आउटपुट वाढवाल, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनवरचा प्रत्येक पेशंट तेवढा जास्त डोस घेईल.

मी तिथपर्यंत पोचले होते. आउटपुट बदलायच्या आधी माझ्या सीनियरनी एवढंच विचारलं, ‘‘सकाळचा डेली काय म्हणतो?’’ डेली म्हणत होता ०.२ टक्के. रात्रीतून मशीन घसरलं आणि सकाळच्या उपकरणाला कळलंच नाही, असं कसं होईल? मी दोनदा मोजलं होतं, तीन वेळा हिशोब तपासला होता. दाबाचा आकडा मात्र प्रत्येक वेळी त्याच मोबाईलमधून आला होता.

तेव्हा हे करा. विभागाचा स्वतःचा बॅरोमीटर ठेवा, आणि वर्षातून एकदा तो दुसऱ्या विश्वासू बॅरोमीटरशी जुळवा. सोनेगावला विमानतळावर हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. त्यांच्याकडून दाब घेतलात तर ‘स्टेशन लेव्हल’चा मागा, ‘सी लेव्हल’चा नको. आणि वर्कशीटमध्ये अट घाला: दाब ९९ किलोपास्कलच्या वर टाकला की खाना लाल व्हावा. नागपुरात ९९ दिसला म्हणजे बहुधा आकडा चुकीच्या जागेवरून आला आहे.

तापमानाचीही खोड आहे. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चांगलंच कोमट येतं, खोली मात्र २२-२४ अंशांवर. फँटम सकाळी भरून लगेच मोजलंत तर मोजता मोजता पाणी थंड होत जातं, आणि खोलीतला थर्मामीटर काही वेगळंच सांगतो. आदल्या संध्याकाळी फँटम भरा, झाका, एसी चालू ठेवा, आणि तापमान पाण्यातच मोजा, चेंबरजवळ.

महिन्याच्या बाकीच्या चाचण्या (लाइट फील्ड आणि रेडिएशन फील्ड जुळणं, गँट्री म्हणजे मशीनचा फिरणारा हात आणि कॉलिमेटर यांचे कोन, जॉ, काऊच म्हणजे टेबलचं अंतर) यादीप्रमाणे करत जा, त्यात फारशी गोम नाही. एमएलसीची (बीमला आकार देणाऱ्या धातूच्या पातींची) पिकेट फेन्स चाचणी दर आठवड्याला काढा आणि स्वतः डोळ्यांनी बघा. एखादी पात आळशी झाली की रेघ तिथे दातरल्यासारखी दिसते. वार्षिक क्यूएला दोन-तीन दिवस मशीन बंद ठेवावं लागतं. ते आधीच कॅलेंडरवर लिहून टाका, नाहीतर ‘या आठवड्यात फार पेशंट आहेत’ म्हणत डिसेंबर उजाडतो.

सरकारी विभागात अजून कोबाल्ट मशीन असेल तर तिथे घड्याळाचा क्यूए आहे. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का ताकद कमी. ब्रॅकीथेरपीतल्या (सोर्स शरीराच्या आत किंवा लगत ठेवून दिलेल्या शेकातल्या) इरिडियम-१९२ चं ७३.८ दिवस, म्हणजे दिवसाला जवळपास एक टक्का. तक्ता कोणत्या तारखेचा आहे हे वाचल्याशिवाय वेळ लावू नका. ब्रॅकीत नवा सोर्स आला की कंपनीच्या प्रमाणपत्रावर न थांबता वेल चेंबरने (सोर्सची ताकद मोजायच्या साधनाने) स्वतः मोजा, आणि लांब चिमटा व शिशाचं भांडं खोलीतच आहे ना ते प्रत्येक सेशनआधी बघा.

पेशंटची साखळी: सिम्युलेशन ते पहिला दिवस

मशीन एक असतं, पेशंट रोज तीस-चाळीस-साठ. मशीनची चूक आकड्यात दिसते, पेशंटची चूक माणसात लपते. प्रत्येक टप्प्यावर काय धरायचं ते असं.

सीटी सिम्युलेशन, म्हणजे प्लॅनसाठीचा सीटी. विदर्भात डोकं-मानेचे कॅन्सर किती आहेत हे सांगायला नको. खर्रा चौकाचौकात घोटला जातो. यातल्या बऱ्याच पेशंटचं तोंड नीट उघडत नाही, दात काढलेले असतात, आणि वजन आधीच उतरलेलं असतं. मास्क (डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायची जाळी) करायच्या आधी दाताचं काम पूर्ण झालं का ते विचारा. मास्क झाल्यावर दात काढले आणि गाल सुजला, की मास्क पुन्हा. कवळी, नथ, डोरलं, कानातलं आधीच उतरवून ठेवा, आणि नंतर पेशंट रोज तसाच येईल हे नातेवाइकांनाही सांगा. पोटाच्या खालच्या भागाचा पेशंट असेल तर लघवीला जाऊन येणं, किती पाणी, किती मिनिटं थांबायचं, हे फाईलवर आकड्यात लिहा. ‘भरपूर पाणी’ म्हणजे एकाचा ग्लास, दुसऱ्याची बाटली.

सीटीवरचं केव्हीपी (एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज) बदलू नका. टीपीएसमध्ये (प्लॅन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सीटी नंबरवरून इलेक्ट्रॉन घनता काढणारा तक्ता एका ठरावीक केव्हीपीसाठी घातलेला असतो. रात्रपाळीच्या एखाद्या उत्साही माणसाने डोस वाचवायला केव्हीपी उतरवलं तर प्लॅनला हाडं जास्त घट्ट दिसतात आणि कोणी काही बोलत नाही.

प्लॅन तपासणे. इथे माझी पद्धत उलटी आहे. प्लॅन करणारा कंटूरपासून (स्कॅनवर आखलेल्या बाह्यरेषांपासून) डोसकडे जातो, मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदापासून सुरू करते आणि कॉम्प्युटर नंतर उघडते. डॉक्टरांच्या सहीचा कागद काय म्हणतो? बाजू कोणती, डावी की उजवी? एकूण किती ग्रे (डोसचं एकक), किती फ्रॅक्शन (शेकाच्या बैठका)? हाताने भागाकार करा. छातीचे १५ फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे म्हणजे दिवसाला २.६७, आणि २५ मध्ये ५० म्हणजे २. एकाच दिवशी दोन्ही प्रकारचे पेशंट असतील तर हा भागाकार फार कामाचा.

मग प्लॅन: बरोबर सीटी, बरोबर काऊच मॉडेल, डोस ग्रिड, आयसोसेंटर (गँट्री ज्याभोवती फिरते तो बिंदू) आणि पेशंटवरच्या खुणा यांच्यातलं अंतर, स्पायनल कॉर्ड, पॅरॉटिड (गालाजवळची लाळग्रंथी). मॉनिटर युनिटचा (मशीन ज्यात बीम मोजतं त्या एककांचा) स्वतंत्र हिशोब वेगळ्या सॉफ्टवेअरने किंवा साध्या फील्डसाठी हाताने. पनामात २०००-२००१ मध्ये टीपीएसमध्ये शिल्डिंग ब्लॉक वेगळ्या पद्धतीने भरले गेले आणि कॉम्प्युटरने उपचाराची वेळ साधारण दुप्पट काढून दिली. २८ पेशंटना जास्त डोस गेला, काही दगावले. हाताने एकदा वेळ काढून पाहिली असती तर पहिल्याच पेशंटला कळलं असतं.

काही केंद्रांत फिजिसिस्ट एकच असतो. मग दुसरा डोळा कुठून आणायचा? मी अशा जागी काम केलं आहे. प्लॅन संध्याकाळी संपवायचा आणि तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी करायची. आदल्या दिवशीचं आपण थोडे परके झालेलो असतो. तेवढ्यावर समाधान मानू नका, दुसऱ्या फिजिसिस्टची जागा मागत राहा आणि मागणी लेखी द्या.

पेशंट-स्पेसिफिक क्यूए

आयएमआरटी किंवा व्हीमॅटचा (गँट्री फिरत असतानाच दिलेल्या आयएमआरटीचा) प्लॅन पेशंटवर जायच्या आधी फँटमवर जातो. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात २००५ मध्ये प्लॅन सेव्ह होताना कॉम्प्युटर अडकला, एमएलसीची माहिती जपली गेली नाही, आणि पेशंटला तीन दिवस पाती पूर्ण उघड्या ठेवून शेक मिळाला. पडताळणी तिसऱ्या दिवसानंतर झाली. तेव्हा ‘आज सुरू करू, क्यूए उद्या’ हे वाक्य कोणीही म्हटलं तरी ऐकायचं नाही. प्लॅनमध्ये नंतर छोटासा बदल झाला तरी पुन्हा क्यूए.

करायचं असं:

१. टीपीएसमध्ये व्हेरिफिकेशन प्लॅन काढा. शक्यतो गँट्री पेशंटच्या खऱ्या कोनांवरच ठेवा. सगळं शून्य अंशावर आणलं तर सोपं पडतं, पण गुरुत्वाकर्षणाने झुकणारी पात तुम्हाला दिसणार नाही.

२. अ‍ॅरे (अनेक डिटेक्टर बसवलेली पाटी) खोलीत आधी आणून ठेवा, बॅकग्राउंड घ्या, त्या दिवसाचं आउटपुट नोंदवा.

३. फील्ड पेशंटच्याच फाईलमधून, रेकॉर्ड अँड व्हेरिफाय सिस्टीममार्गे चालवा. फँटमसाठी वेगळ्या वाटेने पाठवलेला प्लॅन पास झाला म्हणजे पेशंटचा पास झाला असं होत नाही.

४. गॅमा (मोजलेला डोस प्लॅनशी किती जुळतो त्याचा आकडा) काढा. एएपीएमच्याच टीजी-२१८ प्रमाणे ३ टक्के आणि २ मिलिमीटर, १० टक्क्यांखालचा डोस वगळून, ९५ टक्के बिंदू पास हवेत. ९० च्या खाली गेलं तर उपचार थांबवून कारण शोधा. मधल्या पट्ट्यात आहात तर कारण शोधाच.

५. पास झाला तरी चित्र बघा. फेल झालेले ४ टक्के बिंदू विखुरलेले असतील तर ठीक. ते सगळे एका रेघेत कॉर्डशेजारी जमले असतील तर ९६ टक्क्यांचा काही उपयोग नाही.

दोन पळवाटा सगळीकडे दिसतात. एक, अ‍ॅब्सोल्यूटऐवजी रिलेटिव्ह तुलना करणं. मग डोस ५ टक्के कमी असला तरी नकाशाचा आकार जुळतो आणि टक्केवारी गोड येते. दुसरी, सॉफ्टवेअरमध्ये नकाशा दोन-तीन मिलिमीटर सरकवून पास करणं. सरकवावा लागला तर फँटम का सरकला ते खोलीत जाऊन बघा.

फेल झालाच तर घाबरून प्लॅन बदलायला धावू नका. आधी फँटमची मांडणी, मग योग्य फील्ड योग्य प्लॅनशी लावलं का, मग त्या दिवसाचं आउटपुट, मग अ‍ॅरेचं कॅलिब्रेशन, आणि शेवटी प्लॅन. प्लॅन दोषी निघाला तर बहुधा त्यात फार छोटे छोटे सेगमेंट आणि ढीगभर मॉनिटर युनिट असतात; प्लॅनरला तो थोडा साधा करायला सांगा. नुसत्या गॅमावर भरवसा नको म्हणून मी छोट्या चेंबरने एका बिंदूवर डोसही मोजते, बिंदू सपाट भागातला निवडून.

पहिला दिवस टेबलवर

पेशंटला ‘‘तुम्ही सुरेशभाऊच ना?’’ असं विचारू नका. भेदरलेला, कमी ऐकू येणारा माणूस ‘हो जी’ म्हणतो. ‘‘तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव कोणतं? शेक कुठे घ्यायचा आहे?’’ असं विचारा, आणि उत्तर फाईलशी, फोटोशी जुळवा. मघाचाच नियम: उत्तर तुमच्या तोंडून नको, त्यांच्या तोंडून यायला हवं. एकाच आडनावाचे दोन पेशंट एका सकाळी असतील तर फाईलवर मोठी खूण करा.

दोन टेक्नॉलॉजिस्ट, एक फिजिसिस्ट आणि डॉक्टर पहिल्या दिवशी हजर असावेत. टेबलवर अंतर ओडीआयने मोजा आणि प्लॅनमधल्या अंतराशी ताडा. पाच मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर इमेज घ्यायच्या आधी कारण विचारा. मग सीबीसीटी (मशीनवरच काढलेला सीटी) किंवा केव्ही जोडी (दोन दिशांचे एक्स-रे). पहिले तीन दिवस रोज, पुढे आठवड्याला, ही बऱ्याच ठिकाणची रीत आहे. मर्यादा विभागाने लिहून ठेवलेली असावी. कन्सोलवर काऊचचा आकडा मर्यादेबाहेर आहे असं लाल अक्षरात आलं, तर ‘ओव्हरराईड’ दाबायच्या आधी एक माणूस आत जाऊन डोळ्यांनी बघून येतो. हा नियम करून घ्या. ते बटण फार सवयीचं होतं.

अर्ध्यात लाईन गेली तर? नागपुरात मे-जूनच्या वादळात हे होणारच. पेशंटला बाहेर काढा, धीर द्या, कन्सोल आणि बॅकअप काउंटरवर किती मॉनिटर युनिट झाले ते कागदावर वेळेसकट लिहा. उरलेले युनिट सिस्टीममधून ‘पार्शल’ म्हणूनच पूर्ण करायचे. फील्ड नव्याने सुरू करायचं नाही.

आठवड्याची नजर

दर आठवड्याला प्रत्येक चालू फाईल उघडा: झालेले फ्रॅक्शन, एकूण डोस, इमेजमधले बदल, वजन. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेशंट स्वतःच सांगतो, ‘‘मॅडम, जाळी ढिली होऊन राहिली जी.’’ ते ऐकून टेक्नॉलॉजिस्टने आत कापूस किंवा रुमाल भरला तर त्याला ओरडू नका, पण ताबडतोब डॉक्टरांना कळवा. मास्क ढिला म्हणजे मान आत फिरते, आणि गाल उतरले म्हणजे पॅरॉटिड आत सरकून जास्त डोसमध्ये जाते. पुन्हा सीटी, गरज असेल तर नवा प्लॅन आणि त्याचा नवा क्यूए.

खुणा पुसल्या जाणं हा इथल्या उन्हाळ्याचा आजार. घाम, कूलरची दमट हवा, आणि गावाकडची आई जी अंघोळ घालताना घासूनच काढते. दर दोन-तीन दिवसांनी खूण गडद करा, आणि घरी पेनाने स्वतः गिरवू नका असं बजावा. गिरवलेली रेघ हमखास पाच मिलिमीटर सरकलेली असते.

आणि खाडे. पोळ्याला, रोवणीला, लग्नाला पेशंट गावी जातो. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचाराचे एकूण दिवस वाढणं परवडत नाही. ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त वाढू देऊ नयेत असं ब्रिटिश रेडिओलॉजिस्टांची मार्गदर्शिका म्हणते. पोळ्याची तारीख कॅलेंडरवर दिसतेच. आधीच विचारा, शनिवारी जादा फ्रॅक्शन किंवा सहा तासांच्या अंतराने दिवसात दोन, हे डॉक्टरांशी ठरवून ठेवा. गेल्यावर फोन करण्यापेक्षा जायच्या आधी बोललेलं बरं.

चुकांचं रजिस्टर

कन्सोलजवळ एक साधी दोनशे पानी वही ठेवा. चुकता चुकता वाचलेलं सगळं त्यात जाईल: चुकीची फाईल उघडली पण वेळेत लक्षात आलं, डावीकडची वेज (बीममध्ये लावायची पाचर) उजवीकडे, दुसऱ्याचा मास्क टेबलवर आला. लिहिणाऱ्याचं नाव ऐच्छिक. महिन्यातून एकदा चहाबरोबर वाचायची, आणि कुणालाही त्यावरून मेमो द्यायचा नाही. पहिला मेमो निघाला की वही कोरीच राहते. माझ्या विभागातल्या वहीत पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात बॅरोमीटरची नोंद आहे. नवीन माणसाला ती आधी दाखवते, मग त्यालाही लिहायला फार जड जात नाही. पेशंटपर्यंत खरोखर पोचलेली चूक मात्र वहीत थांबत नाही. ती डॉक्टर, आरएसओ, रुग्णालय प्रशासन आणि नियमाप्रमाणे एईआरबीपर्यंत तातडीने जाते, आणि पेशंटलाही सांगायची असते.

शेवटचं फ्रॅक्शन झाल्यावर पेशंट पेढे घेऊन येतो. पेढा घ्या, पण फाईल बंद करायच्या आधी झालेले सगळे फ्रॅक्शन हाताने एकदा बेरीज करा आणि एकूण डोस पहिल्या पानावरच्या प्रिस्क्रिप्शनशी जुळवा. कॉम्प्युटरने ते केलेलं असतंच. तरी कॅल्क्युलेटर काढा, बेरजेखाली तारीख टाकून सही करा, आणि मगच फाईल कपाटात जाऊ द्या.